परत पाण्यापर्यंत

विभागात तिला सगळे ‘चार मायक्रॉन’ म्हणत. तोंडावर म्हणताना पुढे ‘ताई’ जोडत. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, शवागाराच्या एक दार अलीकडे, त्यांची प्रयोगशाळा होती. शस्त्रक्रियेत काढलेले गाठींचे, आतड्यांचे, यकृताचे तुकडे तिथे येत, मेणात बसवले जात, आणि मग ती त्यांचे काप करी. चार मायक्रॉनचे, म्हणजे एका केसाच्या जाडीत पंधरा-सोळा मावतील इतके पातळ.

यंत्रावर चारचा आकडा कुणीही लावू शकतो. त्या आकड्याला जागणं ही हाताची गोष्ट असते. उजव्या हाताने चाक एका लयीत फिरवायचं; मेणाचा ठोकळा पात्यावरून खाली उतरतो, काप सुटतो, त्याला पुढचा चिकटतो, आणि फीत होते. ती फीत डाव्या हातातल्या बारीक कुंचल्याने उचलून कोमट पाण्यावर अशी सोडायची की सुरकुती पडता कामा नये. ठोकळा फार गार असला तर काप चुरा होतो. मग त्याच्यावर श्वास टाकायचा. नवे लोक फुंकर मारत. ती आरशावर वाफ धरावी तसा नुसता श्वास सोडी, आणि मेण ऐकत असे.

“ताई, तो श्वास एका बाटलीत भरून ठेवा,” रंगारी म्हणे. “तुम्ही रजेवर गेलात की आम्हाला लागतो.” रंगारी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस, तिने केलेल्या कापांना निळा-गुलाबी रंग चढवायचं काम तो तेवीस वर्षं करत होता, आणि त्याची नखं आता कशानेच पांढरी होत नव्हती.

“बाटलीत भरला तर तूच पिशील,” ती म्हणे.

तिला एक आजार होता. रंगाऱ्याला ठाऊक होतं, विभागाच्या साहेबांना ठाऊक होतं, बाकीच्यांना असावं. तो माणसाला आधी वर नेतो, इतकं वर की खालचं सगळं क्षुल्लक दिसावं, आणि मग हात सोडतो.

पहिल्यांदा तो आला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि वडील नुकतेच गेले होते. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली आणि झोप उडाल्याचं तिला काही वाटेना. वडिलांचे कपडे, चष्मे, चपला ती रस्त्यात भेटेल त्याला वाटून आली. एका बँकेच्या दारात उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिने सांगितलं की मरण हा कारकुनांचा घोळ आहे, अर्ज केला की दुरुस्त होतो. दोन महिन्यांनी ती खाली आली ती अशी की आईला तिला उठवून, हाताला धरून तोंड धुवायला न्यावं लागे. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा लेक सहा आठवड्यांची होती. तिसऱ्यांदा त्याला ना मरण लागलं, ना जन्म. विभाग जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलला, एवढं पुरलं. तेव्हा लेक अकरा वर्षांची होती आणि शाळेच्या फाटकापाशी आईला भाषण करताना तिने पाहिलं होतं. त्यावर ती कधी बोलली नाही. पण मैत्रिणींना घरी आणायचं तिने बंद केलं ते कायमचं.

तिसऱ्या खेपेनंतर ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे मानसोपचाराचे म्हातारे डॉक्टर. हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलेलं, कारण गोळी लिहून देण्याआधी ते वर्गात शिकवल्यासारखं समजावत.

“आता बरी आहे ना मी? मग रोज गोळी कशाला?” तिने विचारलं होतं.

“पाय कधी मुरगळलाय?”

“मुरगळलाय की.”

“पहिल्यांदा कशाने?”

“जिन्यावरून पडले.”

“दुसऱ्यांदा?”

“खड्ड्यात गेला.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“चप्पल घालताना.”

नवरा हसला. मास्तर हसले नाहीत. “सगळ्यांचं असंच होतं असं नाही,” ते म्हणाले, “पण पुष्कळांचं होतं. पहिल्या खेपेला बाहेरून मोठा घाव बसावा लागतो. दर खेपेला मेंदू ती वाट थोडी शिकतो. चांगल्या गोष्टी शिकायला त्याला वर्षं लागतात, ही एक लवकर शिकतो. मग धक्का लहान लहान होत जातो.”

“आत काय होतं?” तिने विचारलं. “म्हणजे, काप केला तर दिसेल असं?”

मास्तरांना असा प्रश्न कुणी विचारत नसावं. त्यांनी चष्मा काढला. “दिसतं थोडं. पेशींच्या फांद्या आखडतात. पेशींना जगवणारं एक प्रथिन आहे, ते वरच्या-खालच्या दिवसांत कमी पडतं, आणि पुढे पुढे बऱ्या दिवसांतही पुरेसं भरत नाही. अंगात एक बारीक सूज मुरते. ताप येत नाही, दुखत नाही, पण असते. झोपेचं घड्याळ सैल होतं. कपाळामागचा थर काही जणांत पातळ होत जातो.”

“किती मायक्रॉन?”

“ते तुम्ही मोजून मला सांगा.”

मग त्यांनी लिथियम लिहून दिलं. खडकात सापडणारं एक मीठ. पडझडीला ते टेकू देतं असं दिसतं, का देतं ते अजून कुणाला नीट उमगलेलं नाही, असं मास्तर म्हणाले. आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, “टेकू काढायचा झाला तर मला विचारून, आणि हळू. एकदम काढलात तर छप्पर डोक्यात.”

त्या दिवसापासून नवरा रोज जेवणानंतर विचारी, “मीठ घेतलंस?” नवरा लिफ्टची देखभाल करी. दिवसभर वर-खाली वर-खाली आणि घरी आलं की तेच, हा त्याचा विनोद होता. तो ती बरी असतानाच करी.

आणि ती बरी होती. एक वर्ष, तीन वर्षं, सात, अकरा. या अकरा वर्षांत सांगण्यासारखं काहीही घडलं नाही, आणि ज्याच्या घरी घडून गेलंय त्यालाच याची किंमत कळते. लेक शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, दर रविवारी फोन करू लागली. घरात भांडणं झाली ती पडद्यांच्या रंगावरून. मीठ रक्तात किती आहे ते ती दर तीन महिन्यांनी तपासून घेई. आकडा शून्य पूर्णांक आठच्या आसपास येई आणि तिला तो स्वतःच्या वयासारखा पाठ झाला होता.

मिठाने आपलं भाडं घेतलंच. तहान लागे, वजन वाढलं, आणि हात थरथरू लागला. दिसेल न दिसेल असा. पेला उचलताना पाण्याच्या कडेवर उमटे तेवढाच. थरथर थांबवणारी एक गोळी असते, पण ती दमेकऱ्याला देत नाहीत, आणि तिला लहानपणापासून दमा. मीठ कमी करून पाहिलं तर दोन आठवड्यांत पहाटे चारला टक्क जाग येऊ लागली. मास्तरांनी पुन्हा वाढवलं. तिने डावं मनगट एका लाकडी तुकड्यावर टेकवून काप उचलायला सुरुवात केली. रोजच्या कामात ते खपून जाई. गाठीचे तीस काप करायचे, त्यातले चांगले दोन काचेवर घ्यायचे, बाकीचे टाकायचे. टाकलेले कोण मोजतो?

मग ती संशोधक आली. दुसऱ्या संस्थेतली तरुण डॉक्टरीण, बोलायला गोड, पायात मुलांसारखे बूट. तिने सहा ठोकळे आणले होते. मरणानंतर मेंदू देऊन गेलेल्या सहा माणसांच्या कपाळामागचे तुकडे. सहाही जणांना तोच आजार होता.

“कोणता?” रंगाऱ्याने विचारलं, आणि उत्तर ऐकून तो बाटल्या पुसायला लागला.

तिला मात्र आत काहीतरी उजळल्यासारखं झालं. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांना विचारलेलं आता कुणीतरी खरंच मोजणार होतं. संशोधकबाईंनी पद्धत समजावली: पेशी मोजायच्या तर एक पेशी दोनदा मोजली जाऊ नये, म्हणून शेजारचे दोन काप जोडीने बघायचे. म्हणजे सगळे काप हवेत, ओळीने, एकही न गाळता. एक गेला की जोडी गेली. आणि तुकडा परत मिळणार नाही; माणूस एकदाच मरतो.

“बाहेर एका ठिकाणी पाठवणार होते,” संशोधकबाई म्हणाल्या, “पण तुमच्या साहेबांनी सांगितलं...”

“हिचा हात असताना बाहेर कशाला?” साहेब म्हणाले. ते तिच्याकडे बघून हसले आणि तिने मान डोलावली. तिथेच नाही म्हणायचं होतं.

दुपारी तिने एका बिनकामाच्या ठोकळ्यावर करून पाहिलं. चाळीसपैकी सात काप हातातून गेले. दोन दुमडले, एक फाटला, चार पाण्यावर उतरताना एकमेकांवर चढले. रंगारी पाठीमागे उभा होता, हे तिला उशिरा कळलं.

“साहेबांना सांगून टाका, ताई.”

“काय सांगू? चार मायक्रॉनचं आता चाळीस झालं?”

“त्यात लाज कसली?”

“तुझा हात कापतो का? मग तू लाजेचं बोलू नकोस.”

पुढची चूक दुसऱ्या कुणी केली नसती. ती करायला तिचंच काम करणारं माणूस लागतं.

तुकडा मेणात जाण्याआधी त्यातलं पाणी काढावं लागतं. त्याला सौम्य अल्कोहोलात ठेवायचं, मग तीव्र, मग आणखी तीव्र, मग मेणाशी मिसळणारं झायलीन, मग वितळलेलं मेण. कधी कुठेतरी घाई होते आणि तुकडा आतून मऊ राहतो, कापता येत नाही. तो फेकत नाहीत. मेण वितळवतात आणि तुकड्याला त्याच वाटेने उलटा नेतात, झायलीन, तीव्र, सौम्य, परत पाण्यापर्यंत. मग पहिल्यापासून सुरुवात. तिने असे शेकडो तुकडे परत आणले होते. ऊतीला मागे नेता येतं, हे तिला कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं ठाऊक होतं, कारण तिने ते हाताने केलं होतं.

तिने मिठाचा हिशेब केला. दिवसात साधारण निम्मं अंगातून जातं. पाच-सहा दिवसांत रक्त कोरं. तीन आठवडे काम. मग गोळी पुन्हा सुरू, आणखी सहा दिवसांत आकडा पुन्हा शून्य पूर्णांक आठ. पाण्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मास्तरांचं छप्पर तिला आठवलं नाही असं नाही. पण तीन आठवडे म्हणजे काय, असं तिला वाटलं. अकरा वर्षं बरं असलेल्या माणसाला आपण मुळातच बरे आहोत असं वाटू लागतं.

“मीठ घेतलंस?”

“घेतलं.”

अकरा वर्षं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी वर बघून ऐकत नाही.

सहाव्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप उचलला आणि चहा हलला नाही. ती कितीतरी वेळ त्या चहाकडे बघत राहिली. मग कामावर जाऊन लाकडी तुकडा तिने खणात टाकला. त्या दिवशी फीत सुटली ती सुटतच राहिली. पात्याच्या कडेवरून उलगडत, पाण्यावर अलगद पसरत, एकामागून एक, जुळ्या बहिणींसारखे काप. सतरा दिवसांत पाच ठोकळे झाले. बाराशेच्या वर काप, आणि त्यातला एकही गेला नाही. संशोधकबाईंनी एक काच उजेडात धरली. मग म्हणाल्या, “ताई, असे काप मी कुठेच पाहिले नाहीत.”

तिच्या आयुष्यात तिचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते पूर्णपणे खरं होतं. हे लक्षात ठेवायला हवं, कारण नंतर सगळे असं बोलू लागले की तेव्हापासूनच तिचं डोकं फिरलेलं होतं.

फिरत होतं, पण हळू. आधी फक्त रंग जास्त स्वच्छ दिसू लागले. मग सकाळ लवकर होऊ लागली. पाच माणसांचे तुकडे आपल्या हातातून गेले, ती माणसं आपल्याला ओळखतात, असं तिला एकदा वाटून गेलं आणि ती स्वतःशीच हसली. रविवारी लेकीचा फोन आला.

“आई, हळू बोल.”

“हळूच बोलतेय. तुझेच कान संथ झालेत. अगं, ऐक तर, काप म्हणजे काय असतं माहीत आहे का तुला, म्हणजे आपण समजतो की...”

“आई, बाबांना दे.”

तिने फोन दिला आणि खिडकी पुसायला घेतली. पलीकडून लेक काय विचारत होती ते तिला नवऱ्याच्या उत्तरांवरून कळत होतं. “रोज घेते... विचारतो की रोज... नाही, बघितलं नाही.” त्याने फोन ठेवला, कपाटातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि पलंगावर मांडून मोजली. मग तो तिथेच बसून राहिला. तोवर ती तिसरी खिडकी पुसत होती.

त्याने मास्तरांची सकाळी दहाची वेळ घेतली. ती उजाडताच घराबाहेर पडली.

आठ वाजता रंगारी प्रयोगशाळेत आला तेव्हा टेबलं, खिडक्यांच्या कडा, वजनकाट्याचं झाकण, त्याची स्वतःची खुर्ची, सगळीकडे काचा मांडलेल्या होत्या. ती यंत्रावर होती. सहाव्या ठोकळ्यातला निम्मा तुकडा रासायनिक तपासणीसाठी राखून ठेवायचा होता. तसं लाल अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं. तिने तो तळापर्यंत कापला होता. ठोकळा बसवलेलं मागचं प्लास्टिक तेवढं उरलं होतं आणि पातं आता त्यावर खरखरत होतं.

“ताई, थांबा. ताई!” त्याने एक काच उचलली. “हा कितवा?”

“कितवा नाही रे. आकड्यांनी नाती कळत नाहीत. तो तिकडच्या खिडकीतल्याचा मामेभाऊ. आणि तुझ्या खुर्चीवर बसलाय ना, त्याला उठवू नकोस, तो रुसलाय.”

काचांवर तिने पेन्सिलीने तेच लिहिलं होतं. मोठी बहीण. चुलत. सासुरवास होतोय. साडेतीनशे काप, एकेक निर्दोष, आणि कुठला कुणानंतरचा हे देवालाही सांगता आलं नसतं.

नवरा पोचला तेव्हा साहेब दारात उभे होते आणि आत जात नव्हते. “अगं, चल,” नवरा म्हणाला. “मास्तरांकडे जायचंय.”

“येते की. पण मीठ नको हं आता.” तिने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. “बघा. अहो, नीट बघा तरी. आहे का काही?”

काहीही नव्हतं. दगडाचे असावेत असे ते हात स्थिर होते. नवऱ्याने ते धरले आणि खाली घेतले.

पुढचे पाच आठवडे ती वॉर्डात होती. मीठ पहिल्याच दिवशी पुन्हा सुरू झालं, सोबत दुसरी कडक औषधं. वर गेलेली ती हळूहळू उतरली, जमिनीपाशी थांबली नाही, आणि आठ महिने खाली राहिली. त्या आठ महिन्यांचं सांगण्यासारखं एवढंच की तोंड धुवायला न्यायला आता आई नव्हती. नवरा नेई, कामावर जाण्याआधी, गणवेश घालून. लेक दोनदा आली. दुसऱ्या खेपेला तिने आईचे केस विंचरले आणि जाताना विचारलं, “एक काप चुकला असता तर काय झालं असतं, आई?”

थोडं बोलता येऊ लागलं तेव्हा तिने मास्तरांपुढे रिपोर्ट ठेवला. “शून्य पूर्णांक आठ,” ती म्हणाली. “पूर्वीइतकंच.”

“हो.”

“आकडा तोच, गोळी तीच. मग धरत का नाही?”

मास्तरांनी रिपोर्टचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “काही जणांचं असं होतं. सोडून पुन्हा धरलं की पहिल्यासारखं लागू पडत नाही. काही डॉक्टर म्हणतात असं काही नसतं, आजारच पुढे गेलेला असतो. मला विचाराल तर मला माहीत नाही. मीठ तेच आहे. ज्या मेंदूत ते जातंय तो तो राहिला नाही.”

“आम्ही तुकडा परत पाण्यापर्यंत नेतो,” ती म्हणाली, आणि तिने ती सगळी पद्धत त्यांना सांगितली. हळू सांगितली, अडखळत, दोनदा शब्द विसरून.

“ताई,” शेवटी ते म्हणाले, “तुमचा तुकडा मेलेला असतो.”

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “आपण म्हणतो खाल्ल्या मिठाला जागावं. हे मीठच जागलं नाही.” तो विनोद करायचा प्रयत्न करत होता. ती म्हणाली, “मी जागले नाही आधी,” आणि बसथांब्याकडे चालू लागली.

मीठ नंतर बंद झालं. रीतसर, हळूहळू, चार महिन्यांत. त्याच्या जागी तीन वेगळ्या गोळ्या आल्या. त्यातल्या एकीने हात थरथरतो. पूर्वीपेक्षा जास्त. आता पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो.

साहेबांनी तिला कामावरून काढलं नाही, हे त्यांनी स्वतः अनेकांना सांगितलं. तिला जुन्या ठोकळ्यांच्या खोलीत बसवलं. खणांतले क्रमांक यादीशी ताडून बघायचे आणि टिंब करायचं. टिंब थरथरलं तरी टिंबच असतं. ती यंत्रावरून उठली त्यानंतर वर्षाच्या आत तिच्या जागी मोटरवर चालणारं यंत्र आलं. चाक आपलं आपण फिरतं. “फीत मात्र अजून उचलावीच लागते,” रंगारी तिला सांगायला आला. “आणि नवे लोक फुंकर मारतात.”

“मारू दे,” ती म्हणाली. “तुझ्या बाटलीत काही उरलंय का?”

रंगाऱ्याला हसता आलं नाही.

दीड वर्षाने संशोधकबाई आल्या. सहाव्या ठोकळ्याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. फक्त त्या दिवसापासून ‘ताई’ म्हणताना त्यांचा आवाज मऊ होई, तापात असलेल्या मुलाशी बोलावं तसा. त्यांनी छापलेला लेख आणला होता. इतर संस्थांतले मिळून एकतीस मेंदू. ज्यांना जास्त खेपा येऊन गेल्या होत्या त्यांच्यात एका जातीच्या आधार देणाऱ्या पेशी विरळ आढळल्या. ज्यांनी मीठ वर्षानुवर्षं न चुकता घेतलं होतं त्यांच्यात तितक्या विरळ नव्हत्या. पान चारवर एका कापाचं रंगीत चित्र होतं.

“हा तुमचा,” संशोधकबाई म्हणाल्या.

तिने पाहिलं. तिसऱ्या ठोकळ्यातला असावा. शेवटच्या पानावर तांत्रिक साहाय्याबद्दल विभागाचे आभार होते.

“माझे पाच होते. पाचही घेतलेत?”

“तीन घेतले.” संशोधकबाईंनी पान उलटलं. “दुसरा आणि पाचवा वगळावा लागला. त्या दोघांनी औषधं मध्येच सोडून पुन्हा धरली होती. तसले लोक घेतले की आकडे स्वच्छ येत नाहीत.”

“तसले लोक.”

“म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला...”

“नाही, बरोबर आहे. म्हणजे मी मेल्यावर मेंदू दिला, तर तोही तुमच्या कामाचा नाही.”

“ताई, असं नका ना बोलू.”

“बोलत नाही, विचारतेय. फॉर्म भरायचा की नाही ते ठरवायला बरं.”

संशोधकबाईंनी लेख टेबलावर ठेवला, बसची वेळ झाली म्हणाल्या, आणि गेल्या. तिने तो पहिल्यापासून वाचायला घेतला. पूर्वी असं पान ती पाच मिनिटांत वाचे. आता परिच्छेदाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटे. तिने बोट ठेवून वाचलं. किती खेपा, किती पेशी, असा एक आलेख होता. तीन खेपांचा एक ठिपका होता, सहाचा एक, नऊचा एक. रेघ उतरत जात होती. तिच्या त्या दिवसापर्यंत चार झाल्या होत्या. चारच्या जागी तिने नख ठेवलं. नख थरथरत होतं, त्यामुळे कधी तीनवर, कधी पाचवर जात होतं.

पाचवी तीन महिन्यांनी आली.

सोमवारी ती नीट झोपली होती. गोळ्या तिन्ही घेतल्या होत्या; आता नवरा समोर उभा राहून देई आणि तिला जीभ उचलून दाखवायला लावी, आणि दोघंही त्या वेळी दुसरीकडे बघत. मंगळवारी सकाळी ती उठली आणि पडद्याच्या कडेतून आलेल्या उजेडाची पट्टी तिला इतकी सुंदर दिसली की ती ओळखून चुकली.

“अहो,” ती म्हणाली, “मला फोन लावून द्या मास्तरांना. तो पुन्हा येतोय.”

“काय झालं? कोण काही बोललं का कामावर?”

“कोणी नाही.”

“लेकीचा फोन आला होता?”

“नाही हो.”

“मग काहीतरी झालंच असेल. असं कसं येईल? काल काय खाल्लंस? तो लेख पुन्हा काढलास का? दे बघू इकडे, फाडून टाकतो.”

“शोधू नका,” ती म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. “आता त्याला कारण लागत नाही. चप्पलसुद्धा लागत नाही. मंगळवार आहे, तेवढं पुरतं.”

मास्तरांनी दुपारी चारला बोलावलं. तोपर्यंत नवऱ्याने रजा टाकली, लेकीला कळवलं, तिची पिशवी भरली, आणि घरभर फिरत राहिला, हरवलेली वस्तू हुडकावी तसा. नवा साबण हुंगून पाहिला. दिनदर्शिकेची पानं मागे-पुढे केली. बाराच्या सुमाराला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. शेजारी भिंतीत फळ्या बसवत होता, तीन दिवस त्याचं काम चाललं होतं. नवरा थबकला. त्याने वर पाहिलं. मग दार उघडं टाकून तो जिना चढून गेला.

ती उंबरठ्यात येऊन उभी राहिली. वरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. आता सगळंच स्वच्छ ऐकू येत होतं.

“बंद करा ते,” नवऱ्याचा आवाज आला.

“अहो, दोन भोकं राहिलीत. का, काय झालं?”

“आवाज होतो.”

“दुपारी बाराला?”

“तीन दिवस होतोय. बायकोला बरं नाही माझ्या.”

ड्रिल जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. शेजारी चांगला माणूस होता, त्याला त्यांच्या घरातलं थोडंफार ठाऊक होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, “माझ्यामुळे झालं का हो?”

“हो,” नवरा म्हणाला.

वर जाऊन त्या बिचाऱ्याला सांगायला हवं, तुमच्यामुळे नाही, असं तिच्या मनात आलं. तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलंही. पण तेवढ्यात आणखी चार गोष्टी सुचल्या, चारही फार महत्त्वाच्या, आणि ती त्यांच्यामागे लगबगीने घरात गेली.